ताऱ्यांची छायाचित्रे

नवाब जफर जंग हे हैदराबादचे श्रीमंत सरदार होते. तेव्हा आपला बीड जिल्हाही हैदराबाद संस्थानातच होता. नवाबसाहेबांना आकाशातील तारे पाहण्याचा छंद होता. १९०१ मध्ये त्यांनी स्वतःच्या पैशाने वेधशाळा उभारली. तिचे नाव निजामिया.

त्यांनी दोन दुर्बिणी मिळवल्या. त्यांपैकी एक ताऱ्यांची छायाचित्रे घेण्यासाठी होती. डोळ्यांना न दिसणारे अंधूक तारेही तिच्यामुळे काचेवर उमटत.

१९०७ मध्ये नवाबसाहेब वारले. आपल्यामागे सरकारने वेधशाळा चालवावी, ही त्यांची इच्छा होती. १९०८ मध्ये ती पूर्ण झाली. पुढे जगातील अनेक वेधशाळांनी मिळून आकाशाचा नकाशा करायला घेतला होता, त्यात निजामियाने सात लाखांहून अधिक ताऱ्यांची नोंद केली. हे काम पाहायला मात्र नवाबसाहेब नव्हते.