एका तारेवर अनेक आवाज : जॉर्ज ओवेन स्क्वायर

घरातील एका खोलीत दूरध्वनीची जोडणी असते, दुसरीत नसते; विजेचे सॉकेट मात्र दोन्हीकडे असते. पहिल्या खोलीतील सॉकेटमध्ये एक आणि दुसरीतील सॉकेटमध्ये दुसरे उपकरण बसविले, की भिंत न फोडता, नवी तार न ओढता दूरध्वनी तेथेही चालू लागतो. या सोयीमागील तत्त्व प्रयोगाने सिद्ध करणारे शास्त्रज्ञ म्हणजे अमेरिकी लष्करातील मेजर जनरल जॉर्ज ओवेन स्क्वायर.

मिशिगन राज्यातील ड्रायडन येथे २१ मार्च १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला. वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीतून ते १८८७ मध्ये पदवीधर झाले. १८९३ मध्ये त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. लष्कराच्या संदेशवहन दलात असताना, १९०८ मध्ये ऑर्व्हिल राइट यांच्या विमानातून त्यांनी प्रवासी म्हणून उड्डाणही केले.

त्यांचे खरे कार्य मात्र जमिनीवरील तारांत होते. त्या काळी एका तारेवर एकच संभाषण चालत असे. स्क्वायर यांनी आवाज उच्च कंपनसंख्येच्या वाहक लहरींवर आरूढ केला आणि १९१० मध्ये वॉशिंग्टन येथील सुमारे सात मैलांच्या तारेवर, नेहमीच्या संभाषणाला बाधा न आणता, दुसरे संभाषण चालवून दाखविले. घरातील विजेच्या तारेतही हेच घडते. भारतात वीजप्रवाहाची सेकंदाला ५० आवर्तने होतात; वाहक लहरींची आवर्तने हजारो-लाखो असतात. त्यामुळे ग्राहक उपकरणाला आवाज वेगळा गाळून घेता येतो.

या शोधाची एकस्वे स्क्वायर यांनी सरकारी नोकरांसाठीच्या विशेष कायद्याखाली शुल्क न भरता घेतली. कोणालाही मोबदला न देता शोध वापरण्याची मुभा असावी, ही त्या सवलतीची अट होती. पुढे एका बड्या दूरध्वनी कंपनीने हे तंत्र वापरले, तेव्हा ही मुभा केवळ सरकारी कामापुरती होती, असा दावा करीत ते न्यायालयात गेले. निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. एकदा जनतेला अर्पण केलेला शोध परत मागता येत नाही, हाच त्याचा आशय होता.

पहिल्या महायुद्धात संदेशवहन दलाचे प्रमुखपद सांभाळलेले स्क्वायर १९२३ पर्यंत त्या पदावर होते. विजेच्या तारांतून घरोघरी संगीत पोहोचविण्याची त्यांची कल्पना १९२२ मध्ये एका वीज कंपनीने स्वीकारली. त्यातूनच पुढे ‘म्यूझॅक’ हा व्यवसाय उभा राहिला. २४ मार्च १९३४ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

ज्या शोधावर त्यांना हक्क मिळाला नाही, तो दूरध्वनीच्या जाळ्यात सर्वत्र रुजला. एकाच तारेवरून अनेक संभाषणे नेण्याची वाट त्यानेच रुंद केली.