जॉर्ज गर्श्विन

जॉर्ज गर्श्विन (२६ सप्टेंबर, इ.स. १८९८ - ११ जुलै, इ.स. १९३७) हे अमेरिकन संगीतकार व पियानोवादक होते. जॅझ आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत यांचा मेळ घालणाऱ्या रचनांसाठी ते ओळखले जातात. मेंदूतील गाठीमुळे वयाच्या ३८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जळक्या रबराच्या वासाचा भास हे या आजाराचे पहिले ठळक लक्षण होते. परंतु त्यांचा त्रास अखेरच्या दिवसांपर्यंत प्रामुख्याने मानसिक समजला गेला.

जीवन आणि संगीत

गर्श्विन यांचा जन्म न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन येथे, रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. थोरले बंधू आयरा पुढे त्यांचे गीतकार झाले. पंधराव्या वर्षी शाळा सोडून जॉर्ज एका संगीत प्रकाशकाकडे गिऱ्हाइकांना नवी गाणी पियानोवर वाजवून दाखवण्याच्या नोकरीस लागले. 'स्वानी' या गाण्याने त्यांना प्रसिद्धी दिली. १२ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यू यॉर्कमध्ये 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' प्रथम सादर झाली, तेव्हा पियानोवर ते स्वतः होते. 'कॉन्चर्टो इन एफ' (१९२५), 'अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस' (१९२८) आणि 'पोर्गी अँड बेस' हा ऑपेरा (१९३५) या त्यांच्या इतर महत्त्वाच्या रचना होत. १९३६ मध्ये चित्रपटांना संगीत देण्यासाठी दोघे बंधू हॉलिवूडला गेले.

गंधभ्रम आणि आजारपण

फेब्रुवारी १९३७ मध्ये लॉस एंजेलिस येथे स्वतःचा 'कॉन्चर्टो इन एफ' वाजवताना गर्श्विन क्षणभर भान हरपले आणि काही स्वर त्यांच्या हातून सुटले. त्याच वेळी त्यांना रबर जळत असल्यासारखा उग्र वास आला. जवळपास जळणारे काहीच नव्हते. एप्रिलमध्ये केशकर्तनालयात बसले असता हाच प्रकार पुन्हा घडला. जूनपर्यंत डोकेदुखी व भोवळ नित्याची झाली होती.

गर्श्विन पूर्वी न्यू यॉर्कमध्ये मनोविश्लेषण घेत असत. हॉलिवूडमधील कामाचा ताण आणि तेथील वातावरणाविषयीची नाराजीही सर्वांना ठाऊक होती. या पार्श्वभूमीवर निकटवर्तीयांनी त्रासाचे मूळ मनात शोधले, हे अस्वाभाविक नव्हते. जूनच्या अखेरीस त्यांना तीन-चार दिवस रुग्णालयात ठेवण्यात आले. तपासणीत उजव्या नाकपुडीची वास घेण्याची क्षमता मंद आढळल्याचा उल्लेख मिळतो. गाठीची शंका डॉक्टरांच्या मनात आलीच नाही असे नव्हे. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासण्याचा सल्ला दिला गेला होता, पण वेदनेच्या भीतीने गर्श्विन यांनी तो नाकारला. हिस्टेरियाची शक्यता अधिक, अशा नोंदीसह त्यांना घरी पाठवण्यात आले.

त्यानंतरचे त्यांचे वर्तन अधिकच बुचकळ्यात टाकणारे होते. भेट आलेली चॉकलेटे कुस्करून त्यांनी अंगाला फासली, तसेच धावत्या मोटारीतून चालकाला ढकलण्याचा प्रयत्न केला, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. अशा कृतींमुळे मनोविकाराचे निदान पाहणाऱ्यांना अधिकच पटत गेले असावे.

मृत्यू

९ जुलै १९३७ रोजी गर्श्विन बेशुद्ध झाले. डोळ्यांच्या तपासणीत मेंदूवर दाब वाढल्याची खूण दिसली. ख्यातनाम शल्यविशारद वॉल्टर डँडी त्या वेळी चेसापीक उपसागरात नौकेवर होते. सरकारी यंत्रणेच्या मदतीने त्यांना गाठण्यात आले, मात्र तोवर थांबण्यास वेळ उरला नव्हता. स्थानिक शल्यविशारदांनी रात्रीच शस्त्रक्रिया केली. मेंदूच्या उजव्या शंखखंडात, म्हणजे कानशिलामागील भागात, गाठ आढळली. ११ जुलैच्या सकाळी त्यांचे निधन झाले. 'द गोल्डविन फॉलीज' या चित्रपटाचे त्यांचे अपुरे काम व्हर्नन ड्यूक यांनी पुरे केले.

वैद्यकीय संदर्भ

शंखखंडाच्या आतील बाजूस सुरू होणाऱ्या अपस्माराच्या झटक्यात नसलेला वास येतो, बहुधा दुर्गंध, हे इंग्लिश वैद्य जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच दाखवून दिले होते. गर्श्विन यांच्या काळात ही माहिती नवी नव्हती. अडचण अशी की, असेच भास छिन्नमनस्कतेसारख्या तीव्र मनोविकारांतही होतात, जरी आवाजांच्या भासांपेक्षा ते कमी आढळतात. छिन्नमनस्कतेच्या रुग्णांना वास ओळखण्याच्या चाचण्यांत सरासरी कमी गुण मिळतात, हेही पुढे अनेक अभ्यासांत दिसून आले. गंधाचे संदेश इतर संवेदनांप्रमाणे थॅलॅमसमधून न जाता थेट शंखखंडाच्या आतील भागात पोचतात. हाच भाग भावना व स्मृतीशी निगडित आहे. त्यामुळे तेथील बिघाड घ्राणशक्ती आणि वर्तन या दोहोंत एकाच वेळी उमटू शकतो, आणि केवळ भासावरून मनोविकार व मेंदूचा आजार यांत फरक करता येत नाही. नव्याने उद्भवलेल्या, क्षणिक आणि एकाच प्रकारच्या गंधभ्रमात म्हणूनच आज मेंदूची प्रतिमा घेतली जाते. १९३७ मध्ये आजच्यासारखी सोय नव्हती.

गर्श्विन यांची गाठ ग्लायोब्लास्टोमा या अत्यंत घातक प्रकारची मानली जाते. तसे असल्यास निदान जूनमध्ये झाले असते तरी त्यांचे आयुष्य फार वाढले नसते. मात्र ती मंद गतीने वाढणारी असावी, असा तर्कही काही वैद्यकीय अभ्यासकांनी नंतर मांडला आहे.