डॉ. मुख्तार अहमद अन्सारी : बाल्कनच्या जखमींपासून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत

नागपूरच्या काँग्रेस नगरातून आपण कितीदा तरी येतो-जातो. डिसेंबर 1920 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं, असहकाराचा ठराव पक्का झाला, म्हणून त्या वस्तीला हे नाव मिळालं, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच आठवड्यात, 30 आणि 31 डिसेंबरला, मुस्लिम लीगचं अधिवेशनही याच शहरात झालं आणि त्याचे अध्यक्ष होते डॉ. मुख्तार अहमद अन्सारी, हे आमच्या पारशिवनीत दहा जणांना विचारलं तर एखाद्यालाच सांगता येईल. नागपूरला येण्याच्या आठ वर्षं आधी हेच डॉक्टर साहेब मुंबईहून जहाजात बसून बाल्कनच्या लढाईतल्या जखमींची मलमपट्टी करायला गेले होते. ती हकीकत आपल्या घराघरात माहीत असायला हवी, असं आम्हाला वाटतं.

डॉ. अन्सारी यांचा जन्म 25 डिसेंबर 1880 रोजी उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यात, युसुफपूर इथं झाला. घर दीनदार आणि हिकमतीचं. त्यांचे थोरले भाऊ हकीम अब्दुल वहाब यांना दृष्टी नव्हती, लोक त्यांना हकीम नाबीना म्हणायचे. नुसत्या नाडीवर बोट ठेवून ते आजार ओळखत, आणि अल्लामा इक्बाल यांच्यासारखे लोक त्यांच्याकडून औषध घेत. भाऊ युनानीचे, धाकटा मात्र इंग्रजी वैद्यकाकडे वळला. शिक्षणाच्या ओघात ते हैदराबादला आले आणि निजाम सरकारच्या शिष्यवृत्तीवर विलायतेला गेले. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता, म्हणजे त्या शिष्यवृत्तीच्या तिजोरीत आपल्या मराठी शेतकऱ्याचा साराही होताच की.

एडिनबर्गमधून मोठ्या पदव्या घेऊन ते लंडनला आले. लॉक हॉस्पिटल आणि चेरिंग क्रॉस हॉस्पिटल इथं त्यांनी जबाबदारीच्या जागा सांभाळल्या. हिंदी माणूस गोऱ्यांवर शस्त्रक्रिया करतो, हे त्या काळी साधं नव्हतं. परदेशात सुमारे दहा वर्षं काढल्यावर तिथंच बंगला बांधून राहणं त्यांना सहज जमलं असतं. 1910 साली ते परत आले आणि दिल्लीत दवाखाना घातला.

दोनच वर्षं झाली आणि ऑक्टोबर 1912 मध्ये बाल्कनची लढाई पेटली. माँटेनिग्रो, सर्बिया, बल्गेरिया आणि ग्रीस या चार राज्यांनी मिळून उस्मानी सल्तनतीवर चढाई केली. काही आठवड्यांतच पाचशे वर्षांपासून उस्मानी असलेला मुलूख हातचा गेला. स्कोप्ये गेलं, सलोनिका गेलं, मोनास्तीर गेलं. बल्गेरियाची फौज इस्तंबूलच्या अगदी जवळ, चताल्जाच्या तटबंदीपर्यंत येऊन ठेपली. मुसलमान गावंच्या गावं बैलगाड्यांवर बिछाने, भांडी, म्हातारी माणसं आणि लेकरं घालून पूर्वेकडे निघाली. थंडी, चिखल, त्यात हैजा. इस्तंबूलच्या मशिदी या मुहाजिरांनी भरून गेल्या. आया सोफियामध्ये हैज्याचे सैनिक ठेवावे लागले.

हिंदुस्थानात या बातम्या पोचल्या तेव्हा घराघरात हळहळ झाली. मौलाना मुहम्मद अली यांच्या कॉम्रेड या पत्रानं मदतीची हाक दिली. बायकांनी दागिने काढून दिले, मजुरांनी आणे दिले. ज्यांनी इस्तंबूल नकाशातही पाहिलं नव्हतं, त्यांनी दिलं. त्या पैशातून वैद्यकीय पथक उभं राहिलं आणि त्याचं नेतृत्व डॉ. अन्सारींकडे आलं. त्यांना वयाची 32 वर्षं त्याच महिन्यात पूर्ण होत होती. चालू लागलेला दवाखाना सोडून, आपल्या रुग्णांना दुसऱ्यांच्या हवाली करून ते निघाले.

डिसेंबर 1912 मध्ये पथक मुंबईच्या बंदरातून निघालं. जेमतेम पंचवीस माणसं. त्यांत डॉक्टर थोडे, बाकीचे मदतनीस, आणि त्यांत अलीगढचे पोरसवदा विद्यार्थीही. चौधरी खलीकुज्जमाँ होते, शुएब कुरेशी होते, अब्दुर्रहमान सिद्दीकी होते. पेशावरचा अब्दुर्रहमान नावाचा एक तरुण होता, त्यानं जाण्यासाठी शिक्षण सोडलं आणि जवळचं सामान विकलं. पोरांचं वय पाहिलं तर आजच्या आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांएवढंच.

इस्तंबूलला पोचल्यावर डॉक्टर साहेबांना नक्की काय वाटलं असेल, हे सांगण्याचा आव आम्ही आणणार नाही. पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्याकडची बरीच अन्सारी घराणी आपला सिलसिला मदिन्याच्या अन्सारांशी आणि हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्याशी जोडतात. हजरत हिजरतीनंतर रसूलुल्लाह (सल्ल.) यांचे मदिन्यातले यजमान होते, आणि त्यांची कबर इस्तंबूलच्या कोटाबाहेर, एयूप भागात आहे. ज्यांच्या नावातच मुहाजिरांची पाहुणचारी आहे, असा माणूस मुहाजिरांच्या शहरात उतरला.

पथकानं चताल्जाच्या आघाडीजवळ ओमेर्ली इथं तंबूचं रुग्णालय उभारलं आणि पुढं चनाक्कलेच्या बाजूला काम केलं. गोळीच्या जखमा, बर्फानं काळे पडलेले पाय, कापावी लागलेली बोटं, आमांश. डॉक्टर साहेब तिथून पत्रं लिहीत आणि ती कॉम्रेडमध्ये छापून येत. पैसा कुठं गेला, कोणाला काय दिलं, हे देणाऱ्यांना कळत राहिलं. आज आपल्याकडे चंदा गोळा होतो आणि त्याचा हिशेब विचारला की लोकांच्या कपाळावर आठ्या येतात, म्हणून ही बाब मुद्दाम लिहिली.

आता थोडं खाण्याबद्दल. लढाईच्या गोष्टीत जेवण कशाला, असं कोणी म्हणेल. पण मुहाजिराच्या गाठोड्यात जमीन येत नाही, घर येत नाही, फक्त हाताची चव येते. बाल्कनच्या मुसलमान घरांत पातळ लाटलेल्या पोळीत कीमा, चीज किंवा पालक भरून भाजलेला बोरेक हा रोजचाही आणि ईदचाही पदार्थ. बोस्नियात त्यालाच बुरेक म्हणतात आणि तो कीम्याचाच हवा, बाकी सगळे पिता, असा तिकडच्या लोकांचा हट्ट असतो. कोबीच्या किंवा द्राक्षाच्या पानात तांदूळ-कीमा गुंडाळून सर्मा करतात. तर्हाना नावाचा प्रकार तर आपल्या बायकांना लगेच समजेल : दही, पीठ आणि भाज्या एकत्र आंबवायच्या, उन्हाळ्यात चादरीवर वाळवायच्या, चुरा करून डब्यात भरायचा आणि थंडीत त्याचं गरम सूप करायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर कुरड्या आणि सांडगे पसरतात, कावळे हाकायला एखादं पोर बसवतात, अगदी तसंच. अशी वाळवणं असलेलं घर उपाशी मरत नाही, आणि पळताना उचलता येतं तेही हेच.

हे मुहाजिर पुढं अनातोलियात वसले आणि त्यांच्याबरोबर ही स्वयंपाकघरंही वसली. तुर्कस्तानात आज कौतुकानं खाल्ला जाणारा इनेगोलचा कोफ्ता बल्गेरियाकडून आलेल्या मुहाजिरांचा आहे, तो 1912 च्याही आधीच्या लाटेतला. इस्तंबूलच्या खानावळीत मिळणारी तळलेली कलेजी अजून अर्नावूत, म्हणजे अल्बेनियन, याच नावानं विकली जाते. लोक बेघर होऊन आले आणि शहराच्या ताटात कायमचे राहिले.

दुसरी बाजू एदिर्नेची. हे सल्तनतीचं जुनं राजधानीचं शहर, सेलिमिये मशिदीचं. त्याला बल्गेरियन आणि सर्बियन फौजांनी महिनोन् महिने वेढा घातला. धान्य संपलं. तेव्हा लोकांनी झाडू बनवतात त्या पिकाचं बी दळून भाकरी केली, ही आठवण एदिर्नेत आजही सांगतात. ते झाडूचं पीक ज्वारीच्याच जातीचं. आमच्या विदर्भात ज्वारीची भाकर म्हणजे घरचं सुख, तिथं तिच्या चुलत बहिणीची भाकरी म्हणजे उपासमारीचं शेवटचं टोक. 26 मार्च 1913 ला एदिर्ने पडलं. डॉ. अन्सारींचं पथक तेव्हा त्याच मुलखात काम करत होतं. 30 मे रोजी लंडनला तह झाला.

पथकानं केवळ जखमा बांधल्या नाहीत. मॅसेडोनियातून आलेल्या मुहाजिरांना अनातोलियात जमीन देऊन वस्ती उभी करायची योजनाही त्यांनी आखली. फुकटची रोटी किती दिवस वाटणार, माणसाला नांगर द्या, असा त्यामागचा विचार. तो आम्हाला फार पटतो.

जुलै 1913 मध्ये पथक मुंबईला परतलं. शिबली नोमानी यांनी स्वागताची नज्म लिहिली, दिल्लीत गर्दी लोटली. पेशावरचा अब्दुर्रहमान मात्र परतला नाही. तो तिथंच राहिला, उस्मानी फौजेत गेला आणि दोन वर्षांनी गॅलिपोलीत लढला. त्याच गॅलिपोलीत इंग्रजांच्या बाजूनं हिंदी शिपाईही उतरले होते आणि त्यांत मुसलमानही होते. चंदा देणाऱ्याच मुलखातली माणसं, आता दोन्ही बाजूंच्या खंदकांत. पुढं हाच अब्दुर्रहमान नव्या तुर्की सरकारचा अफगाणिस्तानातला पहिला राजदूत झाला आणि 1925 साली इस्तंबूलमध्ये मारला गेला.

डॉ. अन्सारी परत येऊन आपल्या दवाखान्यात बसले, पण आता ते फक्त डॉक्टर राहिले नव्हते. 1918 च्या दिल्ली लीग अधिवेशनात स्वागताध्यक्ष म्हणून त्यांनी खिलाफतीवर केलेलं भाषण सरकारनं जप्त केलं. जानेवारी 1920 मध्ये व्हाइसरॉयकडे गेलेल्या खिलाफत शिष्टमंडळाचे ते प्रमुख होते. ऑक्टोबर 1920 मध्ये अलीगढला जामिया मिल्लिया इस्लामिया स्थापन झाली, तिच्या पायाभरणीत ते होते. आणि वर्ष संपता संपता ते आपल्या नागपुरात, लीगच्या व्यासपीठावर. शेजारी काँग्रेसच्या मंडपात जमनालाल बजाज स्वागताध्यक्ष. दोन्हीकडे विषय जवळपास एकच. लीगनंही इथंच आपलं ध्येय बदलून स्वराज्य हे उद्दिष्ट मान्य केलं. आज या गोष्टीवर विश्वास बसणं कठीण जातं, पण नागपुरातल्या त्या थंडीत तसं घडलं होतं.

मग धक्का बसला तो तुर्कस्तानकडूनच. मार्च 1924 मध्ये अंकाराच्या सरकारनं खिलाफत रद्द केली. ज्यासाठी आपल्या लोकांनी तुरुंग पाहिले, ती गोष्ट ज्यांच्यासाठी होती त्यांनीच मोडीत काढली. कित्येक जण यानंतर कडवट झाले, कित्येक घरी बसले. डॉ. अन्सारींनी हळूहळू लीग आणि खिलाफत समिती दोन्ही सोडल्या आणि सगळं बळ देशाच्या एकत्र राजकारणात घातलं. 1927 साली ते मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झाले. याची किंमत त्यांना द्यावी लागली. नेहरू अहवालावरून, ज्यांच्या पत्रानं त्यांना बाल्कनला पाठवलं त्याच मौलाना मुहम्मद अलींशी त्यांची वाट वेगळी झाली. 1931 च्या गोलमेज परिषदेला त्यांना घेऊन जावं असं गांधीजींना फार वाटत होतं, पण डॉ. अन्सारी मुसलमानांचे प्रतिनिधी नाहीत असं म्हणणाऱ्यांचा जोर चालला आणि त्यांना बोलावणं आलं नाही. मुसलमान जखमींसाठी चताल्जापर्यंत गेलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात कडू गोष्ट.

दिल्लीत दर्यागंजला त्यांचं घर होतं, दारुस्सलाम. गांधी-आयर्विन कराराच्या वेळी गांधीजी तिथंच उतरले होते. दिल्लीत आलेला कार्यकर्ता, मग तो कुठल्याही धर्माचा असो, त्या घरी जेवायचा. 1933 मध्ये गांधीजींनी पुण्याच्या पर्णकुटीत 21 दिवसांचा उपवास केला, तेव्हा डॉक्टर साहेब दिल्लीहून त्यांच्या उशाशी येऊन बसले. बाल्कनच्या वेळचे तुर्की संबंधही विझले नव्हते. हमीदिये जहाजाचे कप्तान म्हणून त्याच लढाईत नाव कमावलेले रऊफ बे 1933 मध्ये जामियात व्याख्यानं द्यायला आले. 1935 मध्ये लेखिका हालिदे एदिब आल्या, त्यांचा मुक्काम दारुस्सलाममध्ये होता. बाल्कनच्या लढाईत त्यांनीही इस्तंबूलमध्ये जखमींची शुश्रूषा केली होती. हिंदुस्थानवर त्यांनी पुढं आख्खं पुस्तक लिहिलं.

हकीम अजमल खान यांच्या इंतकालानंतर जामियाचा भार त्यांच्यावर आला. पैशाची कायम चणचण, शिक्षकांना तुटपुंजा पगार. तरी 1 मार्च 1935 ला ओखल्यात नव्या इमारतीचा पाया घातला गेला, तोही कुणा पुढाऱ्याच्या हातून नाही तर शाळेतल्या सगळ्यात लहान विद्यार्थ्याच्या हातून.

10 मे 1936 च्या रात्री मसुरीहून दिल्लीला परतताना रेल्वेतच डॉ. अन्सारी यांचा इंतकाल झाला. वय 55. त्यांना ओखल्यात, जामियाच्या जमिनीत दफन केलं. दर्यागंजमधला मोठा रस्ता आज अन्सारी रोड आहे. आणि आपल्या भागातून कोणी आजारी माणसाला दिल्लीच्या एम्समध्ये नेलं, तर तिथल्या चिठ्ठीवर छापलेला पत्ता असतो अन्सारी नगर. तो याच डॉक्टर साहेबांच्या नावाचा.