एम्प्रेस मिलचे जमशेटजी टाटा : मालकाचे कर्तव्य आणि कामगाराचा हक्क



आपल्या वस्त्यांमध्ये अशी कितीतरी घरे आहेत, की ज्यांचे आजोबा-पणजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. भोंगा झाला की भाकरीचा डबा घेऊन पाळीवर जायचे आणि महिन्याच्या पगारावर घर चालायचे. त्याच पगारातून पोरे शाळेत गेली. आज त्या घरांतली नातवंडे कोणी इंजिनीअर, कोणी वकील, कोणी कंत्राटदार, कोणी दुकानदार झाली आहेत. कालपर्यंत आपण दुसऱ्याच्या हाताखाली राबत होतो, आज आपल्याही हाताखाली माणसे राबतात. म्हणून मालकाने कसे वागावे हा प्रश्न आता आपलाही झाला आहे. या प्रश्नाचा विचार करायचा तर ज्या माणसाने ही मिल काढली, त्या जमशेटजी टाटांचे चरित्र आपण डोळसपणे वाचले पाहिजे. डोळसपणे म्हणजे नुसती स्तुती नको आणि नुसती टीकाही नको.

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी या गावी झाला. घराणे पारशी धर्मगुरूंचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी करणारे. वडील नसरवानजी यांनी ती वाट सोडली आणि मुंबईला येऊन व्यापार सुरू केला. मुलाला त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकविले. १८५८ साली शिक्षण पूर्ण करून जमशेटजी वडिलांच्या पेढीत आले आणि पुढच्याच वर्षी धंद्यासाठी हाँगकाँगला गेले.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. ही पेढी चीनला कापसाबरोबर अफूही पाठवीत असे. त्या काळी अफूचा व्यापार कायद्याने मान्य होता, मुंबईतील अनेक मोठे व्यापारी तो करीत होते, आणि सरकारला त्यातून मोठे उत्पन्न मिळत होते. पण कायद्याने मान्य आहे म्हणून एखादा धंदा चांगला ठरत नाही. तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत : शस्त्रांचा, प्राणिमात्रांचा, मांसाचा, मादक पदार्थांचा आणि विषाचा. अफूने चीनमधील लाखो संसार धुळीला मिळविले. त्या व्यापाराचा पैसा ज्या घरात आला, त्या घराच्या हिशेबात तो धरलाच पाहिजे.

आता दुसरी बाजू पाहा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. व्यापाऱ्यांनी वाटेल तसे व्यवहार केले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळला आणि मुंबईतील पेढ्या धडाधड बुडाल्या. त्या वेळी तरुण जमशेटजी लंडनमध्ये होते. त्यांच्याजवळच्या हुंड्यांना कागदाच्या कपट्याची किंमत उरली नव्हती. दुसरा कोणी असता तर तोंड लपवून पळाला असता. जमशेटजी स्वतः सावकारांसमोर आणि बँकवाल्यांसमोर गेले आणि पेढीची खरी स्थिती त्यांनी उघड करून सांगितली. या खरेपणाचा परिणाम असा झाला, की त्या लोकांनी बुडालेल्या पेढीचा हिशेब मिटविण्याचे काम त्यांच्याच हाती सोपविले आणि त्यासाठी महिना २० पौंड पगारही बांधून दिला. इकडे वडिलांनी देणी फेडण्यासाठी आपले राहते घर विकले.

पुढे १८६७-६८ मध्ये इंग्रजांनी ॲबिसिनियावर स्वारी केली. त्या फौजेला सामान पुरविण्याच्या कंत्राटात टाटांचा भाग होता आणि त्यातून घराण्याची घडी पुन्हा बसली. हाही पैसा युद्धाचाच, हे लक्षात ठेवावे. १८६८ मध्ये जमशेटजींनी २१ हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची व्यापारी पेढी काढली. नंतर मुंबईत चिंचपोकळीला एक बंद पडलेली तेलाची गिरणी घेऊन तिची कापड गिरणी केली आणि ती नफ्यात विकली. मग इंग्लंडात लँकेशायरला जाऊन त्यांनी सूतगिरण्यांचे काम बारकाईने पाहिले.

मुंबई सोडून ते नागपूरला का आले ? कारण त्यांचा हिशेब सरळ होता. कापूस पिकतो विदर्भात, दगडी कोळसा मिळतो वरोऱ्याला, आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आलेली. मग कापूस मुंबईला नेऊन कापड परत इकडे आणायचे कशाला ? १८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी स्थापन झाली. जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागरजवळची, दलदलीची जागा घेतली आणि त्यात भराव टाकण्याचे काम सुरू झाले. असे सांगतात, की येथल्या एका सावकाराने हा माणूस पैसा चिखलात पुरतो आहे असे म्हणून कर्ज नाकारले. आणि पुढे मिल भरभराटीला आल्यावर, टाटांनी माती टाकली आणि सोने काढले, अशी कबुलीही त्यानेच दिली.

१ जानेवारी १८७७ रोजी मिल सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले गेले, म्हणून मिलला एम्प्रेस हे नाव मिळाले. आरंभी सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग होते. व्यवस्थापक म्हणून रेल्वेतील एक कर्तबगार अधिकारी बेझनजी दादाभाई मेहता यांना आणले. पहिली यंत्रे स्वस्तातली घेतल्यामुळे काम नीट होईना. जमशेटजींनी ती बदलून चांगली यंत्रे आणली. १८८३ मध्ये सूतकताईची रिंग नावाची नवी पद्धत, विलायतेतील जुने गिरणीमालक नाक मुरडत असताना, त्यांनी नागपुरात वापरून पाहिली.

पण मिल केवळ यंत्रावर चालत नाही, ती माणसांवर चालते. विदर्भातील आपल्या समाजात जाडेभरडे कापड विणण्याचा धंदा पूर्वीपासून होता. गिरणीच्या कापडापुढे हातमागाला टिकणे कठीण झाले. शेतमजुरीवर पोट भरत नव्हते. अशी माणसे खेड्यातून नागपूरला आली आणि मिलच्या फाटकाशी उभी राहिली. शेतीच्या हंगामात, सणावाराला, लग्नसराईत ही माणसे गावाला निघून जात, त्यामुळे गैरहजेरी मोठी. दंड करून, धाक घालून माणसे बांधून ठेवण्याचा मार्ग मालकांना सोपा वाटतो. शिवाय पहिल्याच वर्षी, १८७७ मध्ये, मजुरीच्या दरावरून एम्प्रेस मिलमध्ये संप झाला. भारतातील अगदी आरंभीच्या गिरणी संपांमध्ये त्याची नोंद होते. त्या वेळी ना युनियन होती, ना पुढारी. अक्षरशत्रू माणसांनी केवळ आपल्या घामाची किंमत ओळखली आणि साचे थांबवले. जमशेटजींचे नाव घेताना या अनाम माणसांचे स्मरणही आपण ठेवले पाहिजे.

जमशेटजींनी दुसरा मार्ग धरला. कापसाच्या धुळीने कामगाराची छाती भरू नये म्हणून खात्यांमध्ये हवा खेळती राहण्याची आणि ओलावा राखण्याची यंत्रे बसविली. आग लागली तर पाण्याचे फवारे आपोआप सुटतील अशी सोय केली. नियमित येणाऱ्यांना बक्षिसे दिली, शिकाऊ मुलांना काम शिकविले, औषधोपचाराची सोय केली. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू केला. १८९५ पासून कामावर अपघात झाल्यास भरपाई देणे सुरू केले. त्या काळात असा कोणताही कायदा नव्हता. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. हात तुटला तर कामगाराने घरी बसायचे, हीच इतर ठिकाणची रीत होती.

आपल्याला सिगालोवाद सुत्त ठाऊक आहे. राजगृहाच्या बाहेर ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगाल नावाच्या तरुणाला भगवंतांनी दिशांचा खरा अर्थ सांगितला. त्यात खालची दिशा म्हणजे आपले नोकर-चाकर. मालकाने त्यांची पाच प्रकारे सेवा करावी : शक्ती पाहून काम द्यावे, जेवण व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, घरी काही चांगलेचुंगले झाले तर त्यात वाटा द्यावा, आणि वेळच्या वेळी सुटी द्यावी. नोकरानेही मन लावून काम करावे आणि दिले तेवढेच घ्यावे. जमशेटजींच्या मिलला ही पाच मापे लावून पाहा. आजारपण, अपघात आणि म्हातारपण यांची काळजी या मापात बसते. परंतु कामाचे तास ? ते फार लांब होते. गिरणीतील पुरुषांच्या तासांवर कायद्याची मर्यादा १९११ मध्ये आली, तीही दिवसाला १२ तासांची. वेतन पुरेसे होते का, याचे उत्तर १८७७ च्या संपाने दिलेच आहे. म्हणजे काही मापे भरली, काही रितीच राहिली.

आता कळीचा मुद्दा. १८९५ मध्ये मिलच्या विस्ताराच्या प्रसंगी जमशेटजींनी स्वतःच स्पष्ट केले, की आपण इतरांपेक्षा अधिक निःस्वार्थी किंवा उदार आहोत असा आपला दावा नाही. भागधारकांचे हित हे आपलेच हित आणि कामगारांचे आरोग्य व कल्याण हा आपल्या भरभराटीचा पाया, अशी आपली सरळ धंद्याची समजूत आहे. नीतिशास्त्रात कृतीची पारख निरनिराळ्या तऱ्हेने करतात. कोणी परिणाम पाहतात : लोकांचे भले झाले ना, मग कृती चांगली. कोणी कर्तव्य पाहतात : फायदा होवो वा न होवो, करायचे ते केलेच पाहिजे. तथागत त्याहून आत जातात आणि करणाऱ्याची चेतना पाहतात. परिणामाच्या मापाने जमशेटजी फार वरचे मालक ठरतात. चांगुलपणाचा ढोल त्यांनी वाजविला नाही, हाही त्यांचा प्रामाणिकपणाच. पण फायद्यासाठी केलेला चांगुलपणा फायदा संपला की टिकेल, याची हमी कोण देणार ? आणि मालक बदलला तर ?

ही हमी कायदाच देऊ शकतो. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे ओळखले होते. मुंबईच्या गिरण्यांत तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो या सबबीवर अस्पृश्य कामगाराला चांगल्या पगाराच्या विणाई खात्यात येऊ देत नसत. तेथे अडवणारे मालक कमी आणि बरोबरचे सवर्ण कामगार जास्त होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. मालक कितीही दयाळू असला तरी त्याची दया जातीच्या भिंतीपलीकडे आपोआप जात नाही, हे यावरून समजते. जुलै १९४२ मध्ये आपल्या नागपुरात मोहन पार्क येथे दलितांची अखिल भारतीय परिषद झाली आणि त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. १९४६ मध्ये त्यांनीच आणलेल्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला होता, प्रॉव्हिडंट फंडाचा १९५२ मध्ये झाला. एका मालकाने आपल्या मर्जीने जे दिले, ते पुढे लाखो कामगारांचा हक्क बनले. दया आणि हक्क यातला हा फरक आपण कधी विसरू नये.

जमशेटजींची दृष्टी मिलपुरती नव्हती. लोखंडाच्या कारखान्याचा विचार त्यांच्या मनात १८८२ च्या सुमारास आला, तो चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा येथील खनिजाचा अहवाल वाचून. १८९२ मध्ये त्यांनी हुशार तरुणांना परदेशी शिक्षणासाठी कर्ज देणारा निधी काढला. तो आरंभी पारशांपुरता होता, दोनच वर्षांनी सर्व जातिधर्मांना खुला झाला. विज्ञान संस्थेसाठी त्यांनी सुमारे ३० लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. पोलाद कारखाना आणि बंगलोरची विज्ञान संस्था त्यांच्या पश्चात उभी राहिली.

आणि मिल ? १९८६ मध्ये ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. आज त्या जागेवर मॉल उभा आहे. आपल्या आजोबांनी जेथे सूत काढले, तेथे आपली नातवंडे सरकत्या जिन्यावरून फिरतात.

म्हणून बंधू-भगिनींनो, सिगालाची खालची दिशा आज आपल्या घरातच आहे. घरकाम करणारी बाई आजारी पडली तर तिचा पगार कापतो की औषधाची विचारपूस करतो ? दुकानातल्या पोराला आठवड्याची सुटी देतो का ? ठेकेदार असाल तर मजुराचा प्रॉव्हिडंट फंड खरोखर भरता, की कागदावरच ? मजूर मचाणावरून पडला तर दवाखान्यात नेता, की हजेरीपटावरून त्याचे नाव खोडता ? उधारी बुडायची वेळ आली तर लंडनमधल्या जमशेटजींसारखे समोर जाऊन खरे सांगता, की फोन बंद करून ठेवता ? आणि ज्या धंद्याने चार संसार बुडतात, तो कायदेशीर आहे म्हणून करता काय ?

पंचशील आपण विहारात म्हणतो. ते पाळायचे मात्र गल्ल्यावर, कचेरीत आणि बांधकामावर. एका मिलमालकाने दीडशे वर्षांपूर्वी आपल्या हिताच्या हिशेबाने जे केले, ते आपण मैत्रीभावनेने करावे. आणि ज्यांचा हक्क आहे त्यांना तो मागण्याची वेळ येऊ देऊ नये. कारण फाटकाशी उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या घराण्यांना चांगले ठाऊक आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.