खाडिलकर : रूपकाच्या पलीकडे

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२-१९४८) यांच्या नाट्यकर्तृत्वाची चर्चा बहुधा ‘कीचकवधा’च्या राजकीय रूपकापाशी थांबते. सांगलीत जन्मलेल्या आणि टिळकांच्या ‘केसरी’त घडलेल्या खाडिलकरांचे हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कीचकात लॉर्ड कर्झन, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल पक्ष प्रेक्षकांनी ओळखला. सरकारनेही तो ओळखला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. या कृतीचा सर्वांत सावध वाचक सरकारच ठरला म्हणायचे! मात्र कर्झनची कारकीर्द विस्मरणात गेल्यावरही नाटक टिकते, ते द्रौपदीच्या कोंडीमुळे. अज्ञातवास उघड झाला तर पांडवांना पुन्हा वनवास, न झाला तर तिची विटंबना. युधिष्ठिराचा संयम म्हणूनच निव्वळ भ्याडपणा ठरत नाही. ‘सवाई माधवराव यांचा मृत्यू’मध्ये उघड दिसणारा शेक्सपिअरचा संस्कार येथे संघर्षाच्या बांधणीत मुरलेला आहे. ‘मानापमान’पासून (१९११) ही बांधणी पदांच्या वैभवाखाली दबत गेली.

१९२३ मध्ये त्यांनी मुंबईत ‘नवाकाळ’ सुरू केला. गिरगावातील एका रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. टिळकांचा हा अनुयायी पुढे गांधींकडे वळला, पण लेखणी सौम्य झाली नाही : १९२९ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली. ‘सावित्री’त (१९३३) गांधीविचाराचे पडसाद जाणवतात. तेथे विचार आहे. त्याला अडविणारा तुल्यबळ प्रतिपक्ष नाही.