भुकेल्या शत्रूला भाकरी देणारा सेनापती



आपल्या म्हसवडच्या परिसरात उभे राहून शंभूमहादेवाच्या डोंगरांकडे पाहिले की आम्हांला नेहमी एका माणसाची आठवण होते. मराठ्यांचे सेनापती संताजी घोरपडे यांचा शेवट 1697 साली याच डोंगरांत झाला. संताजी-धनाजींची नावे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. मोगलांच्या घोड्यांना पाण्यातही ते दिसत, ही आख्यायिका तर लहान मुलांनाही पाठ असते. पण संताजींच्या आयुष्यात तलवारीपेक्षा मोठा असा एक धडा आहे, आणि तो आपल्या गावाशी जोडलेला आहे. आज तोच आपल्यापुढे ठेवावा असे आम्हांला वाटते.

संताजींचे वडील म्हाळोजी घोरपडे. 1689 च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले, तेव्हा त्यांना वाचवण्यासाठी लढताना म्हाळोजींनी देह ठेवला. पुढच्याच महिन्यात औरंगजेबाने महाराजांची हत्या केली. राजा गेला, वडील गेले आणि राजाराम महाराजांना दूर तमिळ मुलखात जिंजीला आश्रय घ्यावा लागला. अशा पडत्या काळात संताजी उभे राहिले. मोठे सैन्य नाही, खजिना नाही. तरी वेग, शिस्त आणि गनिमी काव्याच्या जोरावर त्यांनी बादशहाच्या नामांकित सरदारांना एकामागून एक नमवले. 1690 साली साताऱ्याजवळ रुस्तुमखान कुटुंबासह त्यांच्या हाती लागला. 1692 साली कांचीच्या बाजूला अलीमर्दानखान सापडला. दोघांनाही त्यांनी खंडणी घेऊन सोडून दिले. संताजींशी गाठ पडलेला सरदार एकतर मरतो, नाहीतर घायाळ होतो, नाहीतर कैदेत जातो, अशी धास्ती मोगल छावणीत पसरली होती. ही गोष्ट मोगलांच्याच इतिहासकाराने लिहून ठेवली आहे.

1695 च्या नोव्हेंबरात, आजच्या कर्नाटकातील चित्रदुर्गाजवळ दोड्डेरी येथे, संताजींनी कासिमखान आणि खानाजादखान यांच्या फौजेला असे कोंडीत पकडले की ती जीव घेऊन तिथल्या लहानशा गढीत शिरली. गढीत दाणापाणी संपले. माणसे आणि जनावरे भुकेने तडफडू लागली. कासिमखान तिथेच मरण पावला. शेवटी खानाजादखानाने शरणागतीची बोलणी लावली. 20 लाख रुपयांची खंडणी ठरली आणि सगळा सरंजाम मराठ्यांच्या ताब्यात आला. संताजींनी मनात आणले असते तर आतल्या एकालाही जिवंत सोडले नसते. वडिलांच्या मरणाचा आणि राजाच्या हत्येचा सूड त्यांच्या हाताशी होता. पण गढीतून बाहेर पडणाऱ्या भुकेल्या मोगल सैनिकांना मराठ्यांनी भाकरी दिली, पाणी दिले आणि जाऊ दिले.

बंधू-भगिनींनो, युरोपच्या मध्ययुगात ज्याला ‘शिव्हलरी’ म्हणत, तिचे मर्म यापेक्षा वेगळे नव्हते. चिलखत घालून घोड्यावर बसणारे नाईट सुरुवातीला काही सद्गुणाचे पुतळे नव्हते. गावे लुटणे आणि आपापसांत वैर चालवणे हेच त्यांचे जगणे होते. त्यांच्या तलवारीला लगाम घालण्यासाठी ख्रिस्तसभेला पुढे यावे लागले. 989 साली फ्रान्समधील शारू येथे बिशपांनी सभा भरवली आणि चर्च लुटणाऱ्यांना, गोरगरिबांची गुरेढोरे पळवणाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा जाहीर केली. 1027 साली प्रभूच्या दिवशी शस्त्र उचलू नये असा नियम झाला. यातूनच हळूहळू एक आदर्श घडला: बळ हे दुबळ्याच्या रक्षणासाठी असते आणि शरण आलेल्यावर हात टाकायचा नसतो. हा आदर्श अनेकदा पायदळी तुडवला गेला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 1099 साली जेरुसलेम जिंकल्यावर क्रूसाच्या नावाने लढणाऱ्यांनीच तिथे मोठी कत्तल केली. आदर्श असणे वेगळे आणि तो आपल्या रागाच्या क्षणी पाळणे वेगळे.

संताजींच्या बाबतीतही हेच घडले. रणांगणावर शत्रूला भाकरी देणाऱ्या या सेनापतीला आपल्याच माणसांना क्षमा करणे जमले नाही. त्यांची शिस्त फार कडक होती. लहानशा चुकीसाठीही ते माणसाला हत्तीच्या पायी देत, असे म्हणतात. यशाबरोबर मानीपणा वाढला, धनाजी जाधवांशी स्पर्धा वाढली आणि राजाराम महाराजांशीही बेबनाव झाला. 1696 साली जिंजीच्या मुलखात मराठ्यांच्याच दोन फौजा समोरासमोर आल्या. संताजींचा विजय झाला. राजाराम महाराजांपुढे मात्र ते दुसऱ्या दिवशी हात बांधून उभे राहिले आणि त्यांनी माफी मागितली, असे सांगतात. धन्यापुढे एवढी नम्रता दाखवणाऱ्या संताजींनी त्याच लढाईत कैद झालेल्या अमृतराव निंबाळकरांना मात्र हत्तीच्या पायाखाली दिले. अमृतरावही दोड्डेरीच्या मोगलांसारखेच संताजींच्या हातात सापडलेले होते. परक्याला जी दया मिळाली, ती आपल्याला मिळाली नाही.

अमृतरावांची बहीण राधाबाई ही आपल्या म्हसवडच्या नागोजी माने यांची पत्नी होती. इथून पुढची गोष्ट आपल्या मातीतली आहे. 1697 साली संताजींचे बरेच सैनिक, त्यांच्या कडकपणाला कंटाळून, त्यांना सोडून धनाजींना मिळाले. एके काळी बादशहाला झोप येऊ न देणारा हा वीर मूठभर लोकांनिशी माणदेशात आला. काही हकीकती सांगतात की नागोजींनीच त्यांना गाठून मारले. दुसरी हकीकत अशी की नागोजींनी दाराशी आलेल्या वैऱ्याला आश्रय दिला, जेवूखाऊ घातले आणि सुखरूप वाटेला लावले. पण राधाबाईंना भावाचे मरण विसरता आले नाही आणि त्यांनी आपल्या दुसऱ्या भावाला मागावर पाठवले. ओढ्यावर स्नान करत असताना निःशस्त्र संताजींवर घाला पडला. त्यांचे शिर औरंगजेबापर्यंत पोहोचले. जे काम बादशहाच्या लाखाच्या फौजेला जमले नाही, ते घरच्या एका वैराने केले.

तीनशे वर्षांनंतर कोणत्याही घराण्याकडे बोट दाखवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. राधाबाईंचे दुःख खरे होते. भाऊ गमावलेल्या बहिणीला आपण कोणत्या तोंडाने दोष देणार? आम्हांला फक्त एवढेच दाखवायचे आहे की सूड कुठेच थांबत नाही. तो थांबवणारा एखादाच पुरुष किंवा एखादीच स्त्री असते. दुसरी हकीकत खरी धरली, तर म्हसवडच्या त्या घरात एकाच वेळी दोन्ही वाटा उघड्या होत्या: भुकेल्या वैऱ्यापुढे ताट ठेवण्याची वाट आणि त्याच्यामागे तलवार पाठवण्याची वाट.

आज आपल्याकडे घोडे नाहीत, तलवारी नाहीत. पण बांधाची भांडणे आहेत, विहिरीच्या पाळीवरून उठलेली वैरे आहेत, वर्षानुवर्षे चाललेले भाऊबंदकीचे दावे आहेत. बाहेर चारचौघांत गोड बोलणारा माणूस घरात बायकोवर हात उचलतो. परक्याला चहा पाजणारे आपण सख्ख्या भावाच्या घरचे पाणी वर्ज्य मानतो. मिस्सामध्ये शांतीचे अभिवादन करण्याची वेळ येते, तेव्हा काही जण एका बाजूलाच वळतात. वेदीवरून हे दिसते, बंधू-भगिनींनो, आणि मन दुखते. संत थॉमस अक्विनास यांनी धैर्याला विवेक आणि न्याय यांच्या खालचे स्थान दिले, ते उगाच नाही. ज्याच्या धैर्याला या दोघांची साथ नाही, तो रागाच्या भरात पुढे धावतो आणि त्यालाच शौर्य म्हणतो.

संत इग्नेशियस लोयोला हेही असेच मानी शिपाई होते. 1521 साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. पुढल्या वर्षी मोन्सेरात येथे पवित्र मरियेच्या वेदीपुढे त्यांनी रात्रभर जागरण केले आणि आपली तलवार तिथेच ठेवली. त्यांचे शौर्य संपले नाही, त्याला नवी वाट मिळाली.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती आज कोणीतरी सापडलेले आहे: घरातले लेकरू, हाताखालचा मजूर, पैशाला अडलेला भाऊ. त्याला दोड्डेरीची भाकरी मिळणार की हत्तीचा पाय, हे आपल्या हातात आहे. या आठवड्यात एका तरी माणसाच्या दाराशी जाऊन तुटलेले बोलणे पुन्हा सुरू करा. पुढच्या रविवारी शांतीचे अभिवादन करताना त्याच्याकडे वळा.

प्रभू आपणां सर्वांना तेवढे बळ देवो.

आपला धर्मगुरू