परिव्राजक श्रीवासुदेवानंद सरस्वती

दत्तसंप्रदायात ‘टेंबे स्वामी’ या नावाने वंदनीय ठरलेल्या श्रीवासुदेवानंद सरस्वतींचा जन्म सावंतवाडी संस्थानातील माणगाव येथे १३ ऑगस्ट १८५४ रोजी झाला. आजोबा हरिभट्ट यांच्याकडे त्यांनी वेदाध्ययन केले. पुढे नरसोबाच्या वाडीची ओढ लागली. माणगावात त्यांनी दत्तमंदिर उभारले, तेथे लोकांची रीघ लागली. परंतु सात वर्षांनी दत्ताज्ञा होताच तो सारा पसारा त्यांनी मागे ठेवला आणि पत्नी अन्नपूर्णाबाईंसह गाव सोडले. १८९१ साली गोदातीरी गंगाखेड येथे पत्नीचे देहावसान झाले. उत्तरकार्य आटोपताच त्यांनी संन्यास घेतला. उज्जयिनीस श्रीनारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला आणि पहिला चातुर्मासही तेथेच केला.

तेथून सुरू झालेली पदयात्रा तेवीस वर्षे चालली. पायांत पादत्राण नाही, वाहनाचा स्पर्श नाही, द्रव्याचा संग्रह नाही. दंड, कमंडलू, छाटी आणि पोथ्या एवढाच संसार. आगगाडीने देश जोडला जात असताना हा यती मात्र शास्त्राने घालून दिलेल्या वाटेने पायीच चालत राहिला. पावसाळ्यात वाटेवर जीवजंतू फार. त्यांची हिंसा टाळावी म्हणून संन्याशाने एका स्थानी राहावे, हा नियम. त्यामुळे स्वामींच्या चातुर्मासांची यादी हाच त्यांच्या प्रवासाचा नकाशा आहे. ब्रह्मावर्त, हरिद्वार, द्वारका, माळव्यातील महत्पूर, नर्मदातीरीचे चिखलदे, तत्कालीन बडोदे संस्थानातील पेटलाद अशी नावे त्यात येतात.

उत्तरायुष्यातील दक्षिणयात्रा विशेष खडतर होती. कावेरीच्या मुलखात तंजावर, आंध्रात मुक्त्याला, विदर्भात पवनी, कर्नाटकात हावनूर आणि कृष्णेच्या बेटावरील कुरवपूर, असे हे चातुर्मास. प्रखर ऊन, अनोळखी भाषा, भिक्षेत मिळेल ते अन्न आणि त्यात संग्रहणीचा जुना विकार. शरीर क्षीण होत असतानाही त्यांनी आचारधर्मात सवलत घेतली नाही. नियम राखावा की देह, असा प्रश्न त्यांच्यापुढे नित्य उभा होता. चालत्या पावलांनीच त्यांनी त्याचे उत्तर दिले.

या भ्रमंतीला एक हेतूही होता. ‘गुरुचरित्रा’त वर्णिलेली श्रीपाद श्रीवल्लभांची पिठापूर व कुरवपूर ही स्थाने महाराष्ट्रातील भक्तांना नावानेच ठाऊक होती. स्वामींच्या वास्तव्यामुळे ती पुन्हा भाविकांच्या वाटेवर आली, असे संप्रदाय कृतज्ञतेने मानतो. घोरकष्टोद्धरण स्तोत्र कुरवपूरचेच. मठ नाही, ग्रंथसंग्रह नाही, तरी ‘दत्तपुराण’, ‘दत्तमाहात्म्य’, ‘सप्तशती गुरुचरित्र’ यांसारखी संस्कृत व मराठी रचना या फिरस्तीतच सिद्ध झाली.

दक्षिणेतून ते पुन्हा नर्मदेकडे वळले. १९१३ चा अखेरचा चातुर्मास गरुडेश्वरी झाला आणि २४ जून १९१४ रोजी तेथेच ते समाधिस्थ झाले. पुण्यात श्रीगुळवणी महाराज, माळव्यात श्रीनानामहाराज तराणेकर व गुजरातेत नारेश्वरचे श्रीरंगअवधूत यांनी त्यांची परंपरा विस्तारली. गुळवणी महाराजांनी त्यांचे वाङ्मय खंडशः प्रकाशित केले. ज्या यतीने आयुष्यभर पोथ्यांखेरीज काही बाळगले नाही, त्याचा ठेवा अखेर ग्रंथरूपानेच वाचकांच्या हाती आला.